लटारूच्या बाजूचा बांबू

लटारू गेल्याची बातमी आली तेव्हा मी ओसरीत बसून जाळं शिवत होतो. फाटलं होतं ते त्याच्याच बाजूनं. फोन नातीनं घेतला, दोनदा "हो, हो" म्हणाली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा... लटारूआबा गेले." मी सुईतला दोरा दातानं तोडला आणि म्हटलं, "आता याचं दुसरं टोक कोणाच्या हातात देऊ?" पहिला शब्द तोंडातून हाच निघाला. नात रडत आत गेली. मी ती फाट पूर्ण शिवली, गाठ मारली, मगच उठलो. गावात त्यावरून बोलणं झालं, की डोमाचं काळीज दगडाचं आहे. झालं तर झालं.

त्याला आता दीड महिना होत आला. नात म्हणते, आबा, पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसाबद्दल लिहितात, तुम्हीही लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. पण कोणाकडून लिहवून घेणार नाही, अक्षर माझंच राहील, काना-मात्रा तिनं पाहावी. आणि एक सांगून ठेवतो. लोक गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं लिहितात. मी चांगलं लिहीन, पण त्यानं मला फसवलं हेही लिहीन. चाळीस वर्षं ज्याच्यासोबत एक जाळं ओढलं, त्यानं फसवलं. हे लिहायचं नसेल तर मग लिहायचं तरी कशाला?

पोंभुर्ण्याच्या अलीकडं, जंगलाला लागून आमचं गाव. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. गावाला एक मोठा तलाव आणि आजूबाजूच्या शेतांत बोड्या, म्हणजे लहान-लहान तळी. आमचं जाळं ओढायचं. दोन टोकांना दोन बांबू, मध्ये साठ हात जाळं. एक माणूस एका बांबूला, दुसरा दुसऱ्याला. छातीइतक्या पाण्यात दोघांनी बरोबरीनं चालायचं आणि हळूहळू जवळ येत काठाच्या पाळीकडं वळायचं. एक जरी ढिला पडला तर खालची दोरी चिखलावरून उचलते आणि मरळ खालून निघून जाते. पाण्यात बोलायचं नाही, मासे बुजतात. पण बोलायची गरजही नसते. दोरीतून सगळं कळतं. लटारूचा पाय खड्ड्यात गेला, त्याला खोकला आला, त्याचं मन घरी आहे... सगळं माझ्या तळहाताला लागायचं. बायकोचं मन मला इतकं कळलं नाही, जितकं लटारूचं कळलं. असं मी समजत होतो.

माणूस मोठा हसरा. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत गावात दंडारीचा खेळ उभा राहिला की बाईचं सोंग यानंच घ्यायचं. मिशी काढायला तयार नसे. मिशीवर पदर धरून नाचायचा आणि पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांना डोळा मारायचा. मी ढोलकीवर. माझी थाप चुकली की पदराआडून म्हणायचा, "डोम्या, हात झोपला का तुह्या?" सगळी मंडई हसायची. माझ्याशी असं बोलायची हिंमत गावात दुसऱ्या कोणाची नव्हती, अजूनही नाही.

आता गोळीची गोष्ट. आमच्यात पहिली ओढ होईपर्यंत कोणी काही खात नाही. भरल्या पोटी पाण्यात वाकलं की मळमळतं, हे एक. आणि आधी तलावानं द्यावं, मग आपण खावं, असं जुनी माणसं सांगत, हे दुसरं. बापानं पाळलं, मी पाळलं. काळा चहा आणि थंडीचे दिवस असले तर मोहाच्या दारूचा एक घोट, बस. साठी ओलांडली तशी माझी कंबर आणि लटारूचे गुडघे बोलायला लागले. किराण्याच्या दुकानात गोळीच्या पत्त्या टांगलेल्या असतात, चहापत्तीच्या बाजूला. गुलाबी गोळी गुडघ्याची, पिवळी कमरेची, पांढरी तापाची. आम्हाला असंच माहीत. कोणी शिकवलं नाही, एकानं खाल्ली, दुसऱ्यानं पाहिली. काळ्या चहासोबत गुलाबी घेतली की तासाभरात गुडघा आपला राहत नाही, दुसऱ्या कोणा जवान माणसाचा होतो. मग आम्ही हिशोब बसवला पाण्यावर. बोडी असली तर एक, तलाव असला तर दोन. सांगताना आज लाज वाटते. पण तेव्हा तो आम्हाला अकलेचा हिशोब वाटत होता.

तीन वर्षांपूर्वी आधी माझं पोट बोललं. जळजळ, रात्रंदिवस. अन्न नको वाटायचं. लटारूनंच मला गाडीवर मागं बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण नवीन आलेली, माझ्या नातीहून चार वर्षांनी मोठी असेल. तिनं विचारलं, "काका, दुखण्याच्या गोळ्या खाता का? किती खाता?"

मी म्हटलं, "ते पाण्यावर आहे."

"पाण्यावर म्हणजे?"

"बोडी असली तं एक. तलाव असला तं दोन. अन् लई थंडी असली तं वरतून एक पिवळी."

तिनं पेन खाली ठेवला. लटारू माझ्यामागं उभा राहून दात काढत म्हणाला, "मॅडम, हा कंजूस माणूस आहे. मी तं बोडीलेही दोन खातो."

"तुम्ही पण बसा," ती म्हणाली. तपासायला मी गेलो होतो, पण अर्धा तास बोलणी त्यालाच बसली. कारण त्याला बीपी होतं. बीपीची आणि लघवी साफ व्हायची अशा दोन गोळ्या रोजच्या. शिवाय एकदा छातीत दुखलं होतं तेव्हापासून रक्त पातळ करायची एक लहान गोळी. हे सगळं चालू ठेवून तो वरून गुलाबी खात होता, उपाशीपोटी.

तिनं टेबलावर आमच्या पत्त्या मांडल्या आणि जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. रंग पाहू नका, म्हणाली. गुलाबी आणि पिवळी या एकाच जातीच्या आहेत. नावं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशी वेगळी, काम एकच, नुकसान एकच. एक चालू असताना दुसरी घ्यायची नाही. पत्तीवर दोन नावं लिहिली असतील तर एका गोळीत दोन औषधं आहेत असं समजायचं. तुमची पांढरीसुद्धा साधी तापाची नाही, तिच्यातही हीच मिसळलेली आहे. ही जात सूज उतरवते, दुखणं मारते, पण पोटाच्या आतलं अस्तर उघडं पाडते आणि किडनीचं रक्त कमी करते. तरुण, धडधाकट माणसानं लागलीच तर जेवणावर, कमीत कमी आणि थोडेच दिवस घ्यावी. पण साठीच्या पुढच्यानं, बीपीवाल्यानं, किडनी कमजोर असलेल्यानं, पोटात जखम होऊन गेलेल्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यानं तर नाहीच. दारूसोबत नाही. उन्हानं अंगातलं पाणी आटलं असेल, उलट्या-जुलाब लागले असतील, तेव्हा नाही.

लटारू म्हणाला, "अन् जेवून खाल्ली तं?"

"जेवून खाल्ली म्हणजे सुटलात असं नाही काका. ती नुसती पोटात पडून जखम करत नाही, रक्तातून फिरून येऊन करते. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटी काळी-लाल झाली, पायावर सूज आली, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी इथे यायचं. उद्यावर ढकलायचं नाही."

दुखण्यासाठी तिनं साधी पॅरासिटामॉल दिली. तीही दिवसाला किती घ्यायची ते लिहून दिलं, आणि दारू पिणार असाल तर तीही सोसणार नाही म्हणाली. लावायला मलम दिलं, गुडघ्याचा व्यायाम दाखवला. रोजची बीपीची आणि पातळ रक्ताची गोळी मात्र मनानं बंद करायची नाही, हेही दोनदा सांगितलं. बाहेर आल्यावर लटारू म्हणाला, "पोरगी हुशार आहे. पण तिनं कधी जाळं ओढलं नाई." मी हसलो. आज वाटतं, तिथंच त्याच्या कानाखाली द्यायला हवी होती.

माझं पोट दोन महिन्यांत बरं झालं. मी गुलाबी सोडली ती सोडलीच. मी एकदा नाही म्हटलं की नाही. लटारूला म्हटलं, तूही सोड, आणि माझ्यासमोर शपथ घे. पावसाळा सरला, पाणी निवळलं, जाळ्याला नारळ फोडायचा दिवस आला. त्या दिवशी त्यानं जाळ्यावर उजवा हात ठेवला आणि म्हणाला, "जाळ्याची आन. आता गोळीले शिवणार नाई." आमच्यात जाळ्यावर हात ठेवून खोटं बोलत नाहीत. बायकोसमोर बोलतील, पोलिसासमोर बोलतील. जाळ्यावर नाही.

ती थंडी त्याला जड गेली. पौषात पाणी सुरीसारखं लागतं. दोरी माझ्या हातात ढिली यायला लागली. दोनदा सगळी मरळ खालून निघून गेली. पाळीवर चार माणसं उभी होती, त्यांच्या देखत मी त्याला म्हटलं, "लटारू, पाय गेले असतील तं सांग बाबा. मी दुसरा जोडी पाहतो." तो हसला. "तुले बांबूसकट ओढून नेईन मी पार तिकडच्या पाळीवर." सगळे हसले, मीही हसलो. आमची बोलायची रीतच तशी.

पंधरा दिवसांनी त्यानं आपला बांबू बदलला. जुना भरीव होता, माझ्यासारखाच. नवीन आणला तो पोकळ. मी म्हटलं, "काऊन रे, पोकळ काऊन? वाकला मंग?" तर म्हणे, "भरीव जड होते आता. हातात हलकं पाहिजे." मला पटलं. म्हाताऱ्या माणसाला हलकं हवंसं वाटतं. आणि त्यानंतर दोरी सरळ यायला लागली. इतकी सरळ की माझीच दमछाक व्हायची. विचारलं की सांगायचा, "मलमाचा गुण आहे. अन् वहिनी तुही रोज शेकते." मी तर दवाखान्यात जाऊन डॉक्टरणीला सांगून आलो, की मॅडम, तुमच्या मलमानं आमचा लटारू जवान झाला.

मध्ये एकदा पाळीवर बसलो असताना त्याचे पाय सुजलेले दिसले. "पाण्यात राहून फुगले," म्हणाला. एकदा परसाकडं जाऊन आला आणि तोंड पांढरं पडलेलं. म्हटलं, काय झालं? "काई नाई. रक्त वाढायची लोखंडाची गोळी देल्ली न सिस्टरबाईनं, त्यानं परसाकडं काळं होते." लोखंडाच्या गोळीनं काळं होतं हे खरं आहे. खोटं बोलायला त्यानं खरीच गोष्ट निवडली. असा हुशार.

मृगाच्या आधी तलाव आटतो आणि वर्षातली मोठी ओढ होते. यंदा त्या दिवशी सकाळपासून ऊन असं की पाळीवर पाय ठरत नव्हता. अर्ध्या पाण्यात दोरी अचानक मेली. ढिली नाही, मेली. वळून पाहतो तर लटारू बांबूला धरून खाली बसतो आहे, पाणी त्याच्या हनुवटीला. बाहेर काढला तेव्हा उलटी झाली. चहाच्या गाळासारखी काळी, आणि मग लाल. त्याला जीपमध्ये टाकलं. वहिनी पुढं, मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं. रस्त्यात त्यानं एकदा डोळे उघडले आणि म्हणाला, "डोम्या... जाळं धुवून ठेवजो. चिखल वाळला तं सडते." एवढंच. सांगायचंच होतं तर ते सांगायला तोंड होतं त्याच्याजवळ. जाळ्याचं सांगितलं.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं पहिला प्रश्न मला विचारला. दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का? वहिनी भिंतीला टेकून उभी होती, तिनं मान खाली घातली. मी छाती पुढं काढून म्हटलं, "नाई साहेब. तीन वर्षं झाले सोडून. माह्यासमोर आन घेतली त्यानं. माही ग्यारंटी." डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं आणि लिहून घेतलं. दोन दिवसांनी दुर्बीण घालून पोट पाहिलं तेव्हा त्यांना काय ते कळलंच. त्यांनी मला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, "बाबा, नक्की?" आणि मी पुन्हा म्हटलं, "नक्की." मनात रागही आला, की हा शिकलेला माणूस माझा शब्द मानत नाही. मी गावाकडं परत आलो, जाळं धुतलं, शिवायला बसलो, आणि फोन आला.

पोटातलं रक्त थांबलं नाही आणि किडनीनं आधीच मान टाकली होती. पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर वाचला असता का, हे मी नंतर, सगळं कळल्यावर, त्या डॉक्टरला जाऊन विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही बाबा. पण आमच्यासाठी पहिल्या दिवशीचं खरं मोलाचं असतं." मला हेच झोपू देत नाही. तो स्वतः खोटं बोलला ते बोलला. त्यानं ते माझ्या तोंडून बोलवलं. आयुष्यात मी कोणापुढं खोटी ग्यारंटी दिली नाही. दिली ती त्याच्यासाठी, त्याच्या जीवावर.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी त्याचा बांबू जाळ्यापासून सोडवायला बसलो. म्हटलं, त्याची वस्तू त्याच्या घरी द्यावी. बांबू आडवा केला तर आत काही खुळखुळलं. वरच्या टोकाला, जिथं पेर संपतं तिथं, चिंधीचा बोळा ठासलेला होता. मी इतकी वर्षं पाहत आलो आणि मला वाटत होतं की पाणी आत जाऊ नये म्हणून लावला असेल. बोळा काढला. आतून पत्त्या निघाल्या. गुलाबी, पिवळ्या. रिकाम्या चुरगळून खाली दाबलेल्या, भरलेली एक वर. ज्या जाळ्यावर हात ठेवून तो शपथ घेऊन उठला, त्याच जाळ्याच्या बांबूत. रोज माझ्यासमोर, साठ हातांवर, तो माणूस ते हातात धरून उभा होता.

मी पत्त्या तशाच मुठीत घेऊन त्याच्या घरी गेलो. घरात पाहुणे होते, तरी वहिनीसमोर उघडल्या. ती रडली नाही. म्हणाली, "मले मालूम होतं भाऊजी."

"मालूम होतं अन् दवाखान्यात गप राह्यली?"

"त्यानं आन घातली होती मले. डोमाले सांगशील तं माह्यं मेलेलं तोंड पाहशील म्हणे." तिनं पत्त्या उचलून माझ्या हातात परत दिल्या. "तुमीच म्हणलं होतं न पाळीवर, दुसरा जोडी पाहतो म्हणून. चार लोकाईत. त्या दिवशी घरी येऊन जेवला नाई. म्हणे, डोम्यानं जोडी तोडली तं मी कोण? घरी बसलेला म्हातारा. तो बोलतो ते करतो, म्हणे."

मी म्हटलं, "ते तं मी मजाकमंधी म्हणलं."

"तुमची मजाक कोणाले समजते भाऊजी?"

मी उठून आलो. तेरवीला जेवलो नाही. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण राग मोठा होता, अजून आहे. दुकानदाराला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, बांबूला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या मला. त्यानं सांगायला हवं होतं. मी चार शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस बोललो नसतो, आणि मग दोघं मिळून पाळीवर गळ टाकून बसलो असतो... बसलो असतो का? तेव्हाचा डोमा बसला असता का, हे मला आता कोणी सांगू शकत नाही. सांगणारा एकच होता, आणि त्याला उत्तर ठाऊक आहे असं त्याला वाटत होतं.

आणखी एक लिहायचं राहिलं आहे. नात म्हणते ते नका लिहू, पण मी लिहितो. दोरी सरळ यायला लागली त्या पहिल्या दिवशीच माझ्या तळहाताला कळलं होतं. मलमानं अशी दोरी येत नाही. चाळीस वर्षांचा तळहात आहे हा. पण त्या दिवशी जाळं भरून आलं होतं, आणि मला विचारायचं नव्हतं.

जाळं आता खुंटीवर आहे. मी दुसरा जोडी पाहिला नाही, पाहणार नाही. बांबू वहिनीला दिला नाही. पत्त्या पुन्हा त्याच्यात भरल्या, तोच बोळा लावला आणि ओसरीच्या कोपऱ्यात उभा केला. परवा शेजारचा किसन गुडघा धरून आला. म्हणे, "डोमाभाऊ, एखादी गुलाबी असन तं दे न. उद्या धानाचा रोवणा आहे, दिवसभर वाकाचं आहे." मी उठून बांबू आणला, त्याच्या कानाशी धरला आणि हलवला.

"काय आहे भाऊ याच्यात?"

"लटारू," मी म्हटलं.

मग मी त्याला सांगितलं, दवाखान्यात जा, बीपी आहे का तपासून घे, जे जे खातो ते सगळं त्या पोरीपुढं मांड, शरमू नको. तो लंगडत गेला. दवाखान्याकडं गेला की दुकानाकडं, ते वळणापर्यंत पाहिलं, पुढं दिसलं नाही. मी बांबू परत जागेवर ठेवला, मी बसतो त्याच्या उजव्या हाताला. पाण्यात लटारू माझ्या उजव्या हातालाच असायचा.